लोकरीवरचा संशय

परक्या वनस्पतीचं आक्रमण हे परक्या फौजेच्या आक्रमणापेक्षा भयंकर असतं, कारण फौज कधीतरी परत जाते. दोरीवाल्या बाईंनी कुरण समितीच्या खोलीत हे वाक्य उच्चारलं तेव्हा सगळे गंभीर झाले. अध्यक्षांनी चष्मा काढला. एक सदस्य उगाच उभा राहिला आणि आता बसावं कसं हे न कळून तसाच राहिला. मग समितीने युद्धपातळीवर पहिली कारवाई केली, ती थोरल्याच्या मेंढ्यांवर.

बाई वनस्पतींच्या डॉक्टर होत्या. त्या आल्या त्या वर्षी लोकांनी त्यांना गुडघे, दाढा आणि एक जुनाट खोकला दाखवून पाहिला, आणि यातलं काहीच बरं होत नाही असं दिसल्यावर त्यांचा नाद सोडला. त्यांचं काम असं, की डोंगराच्या चढावर खालून वर सरळ दोरी ताणायची, दोरीलगत खुंट्या ठोकायच्या, प्रत्येक खुंटीपाशी लाकडी चौकट ठेवायची आणि चौकटीच्या आत काय उगवलंय ते बसून बघायचं. चौकटीच्या बाहेर काय उगवलंय ते बघायचं नाही. ते शास्त्रात बसत नाही.

राहायला त्या थोरल्याच्या घरी होत्या. घर कुरणाच्या फाटकाला लागून होतं. पुढची खोली बाईंना भाड्याने दिलेली. मधल्या खोलीत थोरला आणि त्याची बायको, जिला सगळं गाव वहिनी म्हणत असे. मागच्या पडवीत थोरल्याचा बाप आणि आजारी कोकरं. म्हाताऱ्याची कायमची तक्रार होती की कोकरांचं औषध वेळेवर होतं. चहा गार असतो, खाट तिरकी आहे, ऊन चुकीच्या बाजूने येतं, याही त्याच्या तक्रारी होत्या. घरात त्या भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारख्या चालू असत. ऐकू येत, पण कुणी ऐकत नसे.

शत्रूचं नाव पिवळी. बाई तिचं दुसरं, लांबलचक नाव घेत. ते संपेपर्यंत ऐकणारा दुसऱ्या कामाला लागलेला असे. कमरेएवढं झुडूप, पावसाळा सरताना पिवळीजर्द फुलं, आणि मग तिळाएवढं बी, ज्याच्या टोकाला बारीक आकडे. ओढ्याच्या काठाने आणि खालच्या माळावर ती केव्हाच पसरली होती. तिच्याखाली गवताचं पातं जगत नाही आणि मेंढी तिला तोंड लावत नाही. वरचं कुरण तेवढं स्वच्छ होतं. पाऊस संपला, खालचं उरलंसुरलं गवत खाऊन झालं, की थोरला कळप घेऊन वर जायचा. गाभण मेंढ्या तिथे अंग धरायच्या आणि थंडी सरताना खाली येऊन व्यायच्या. वरचं कुरण मिळालं तर कळप टिकणार, नाही मिळालं तर विकावा लागणार. यात समजून सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि थोरल्याने ते कधी कुणाला समजावलंही नाही.

त्या वर्षी पावसाच्या सुरुवातीलाच बाईंना वरच्या कुरणात पिवळीची रोपं सापडली. त्यांनी ते आधी घरी सांगितलं. त्यांना ते न्यायाचं वाटलं. सगळे जेवायला बसले होते. बाई म्हणाल्या की बी आकड्याचं आहे, ते आपण होऊन डोंगर चढत नाही. कुणाच्या तरी अंगाला चिकटून वर गेलंय. आणि गेल्या हंगामात खालून वर गेलेलं, अंगावर लोकर असलेलं एकच काही आहे.

वहिनीचा हात भाताच्या पातेल्यातच राहिला. थोरल्याने घास गिळला, तो कुठे गेला ते त्यालाही कळलं नसावं. मग तो म्हणाला, मेंढ्या तर त्याच्या आजोबांपासून वर जातायत, तेव्हा कुठे होती पिवळी? बाई म्हणाल्या, तेव्हा ती खालीही नव्हती. हे खरं होतं. खरं असल्यामुळे जास्त लागलं.

"सूनबाई," म्हातारा म्हणाला, "त्यांना भात वाढ. पोटभर जेवू देत, मग पुढचं सांगू देत."

बाईंना रडू आलं असतं, पण शास्त्रात ते बसत नाही. त्यांना हे घर मनापासून आवडत होतं. गेल्या थंडीत वहिनीने त्यांच्यासाठी घरच्या लोकरीचे मोजे विणले होते, पार गुडघ्यापर्यंतचे, राखाडी. त्या दिवसापासून बाईंच्या पायात दुसरे मोजे कुणी पाहिले नव्हते. जेवणाच्या त्या प्रसंगानंतर वहिनी त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागली. पण बाईंनी मोजे घालणं सोडलं नाही, हे तिने पाहून ठेवलं आणि त्यावर आपला राग थोडा कमी करून घेतला.

समितीने ठराव केला की अंगावर लोकर असलेलं कोणतंही जनावर तपासणीशिवाय फाटकातून वर जाणार नाही. गावात लोकर असलेली जनावरं एकाच घरी होती, तरी ठराव सगळ्यांना समान लागू ठेवण्यात आला. अध्यक्षांच्या गाईंना लोकर नव्हती. त्या रोज सकाळी वर जात. अध्यक्षांनी याचा कुठेही गवगवा केला नाही.

तपासणी फाटकापाशी होई. जमिनीवर एक पांढरी चादर अंथरायची, तिच्यावर मेंढी उभी करायची आणि ब्रशने झाडायची. चादरीवर पिवळीचं बी पडलं की मेंढी नापास. एक नापास म्हणजे कळप नापास. चादर वहिनीच्या घरची होती. समितीकडे चादर नव्हती.

पहिल्या तपासणीला अर्धं गाव आलं. थोरला एकेका मेंढीला मिठी मारल्यासारखा धरून चादरीवर आणत होता आणि वहिनी खाली बसून तिच्या पोटाखालून ब्रश फिरवत होती. फाटकवाल्याला इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच प्रेक्षक मिळाले होते. तो प्रत्येक मेंढीला विचारत होता की भांग मधून पाडायचा की बाजूने, आणि पावडर लावायची राहिली का. लोक हसत होते. थोरलाही एकदा हसला, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं.

आणि मग कळपाची म्होरकी चादरीवर आली. ही थोराड मेंढी कुणालाही पुढे जाऊ द्यायची नाही, म्हणून वहिनी तिला सासूबाई म्हणायची. सासरा जवळपास असला की नुसतं म्होरकी. सासूबाईंच्या अंगातून इतकं बी पडलं की कुणीतरी सूप मागितलं.

ओढ्यात धुणं सुरू झालं. मेंढी पाण्यात घालायची म्हणजे ती आधी पाय आखडते, मग अंग सोडते, आणि भिजलेल्या लोकरीचं वजन धरणाऱ्याच्या कमरेवर येतं. थोरला पाण्यात उभा, वहिनी काठावर. दिवसभर मेंढ्या धुवायच्या, विंचरायच्या, उन्हात धरायच्या. वहिनीची बोटं पांढरी पडून चिरली. थोरल्याची कंबर अशी धरली की तो रात्री जेवायला उभाच राहायचा. धुतलेल्या मेंढ्या घेऊन फाटकाकडे यायचं, तर वाट पिवळीतूनच होती. ओढा तिथेच, घर तिथेच, मेंढ्या तिथेच, पिवळी मध्ये. दुसऱ्या तपासणीत नापास. तिसऱ्या तपासणीला लोक यायचे बंद झाले होते, तीही नापास.

बाई या सगळ्याच्या शेजारून रोज वर जात. फाटकाशी थांबून त्या आपले बूट ब्रशने घासत, तळव्याच्या खाचेतून सुईने माती काढत, विजार झटकत, आणि मगच आत पाऊल टाकत. अध्यक्ष थोरल्याला ते दाखवत. एवढ्या शिकलेल्या असून रोज बूट घासतात, आणि आपल्याला मेंढी घासायची लाज? थोरल्याला घासायची लाज नव्हतीच, वेळ जात होता त्याची काळजी होती. खालच्या माळावर गवत संपलं होतं. मेंढ्यांच्या बरगड्या हाताला लागत होत्या. बाईंना ते दिसत होतं. त्या समितीला दोनदा म्हणाल्या की काहीतरी मार्ग काढा. समिती म्हणाली, मार्ग तुम्हीच सांगितलात की.

शेवटी अध्यक्षांनीच तोड काढली. दोष लोकरीचा आहे ना? मग लोकर काढा.

लोकर थंडी सरताना काढतात, आणि आता थंडी तोंडावर होती. हे अध्यक्षांना माहीत होतं, थोरल्याला माहीत होतं, बाईंना पुस्तकातून माहीत होतं. घरी म्हातारा म्हणाला, वर वारा असतो. त्याआधी तो म्हणाला होता की चहात साखर कमी आहे. वहिनीने साखरेचा डबा पुढे केला. दुसऱ्या वाक्याचं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून थोरला उठला आणि कातरीला धार लावू लागला.

मेंढ्या भादरायला बसले तेव्हा घरातली सगळी माणसं अंगणात होती. थोरला मेंढीला ढुंगणावर बसवायचा, तिची पाठ आपल्या गुडघ्यांत धरायचा आणि गळ्यापासून कातर घालायचा. ऐन हंगामातली लोकर सैल सुटते. ही सुटत नव्हती. कातडीला धरून होती. जागोजाग कातर लागली, लाल रेघा उमटल्या, वहिनी त्यांवर हळद दाबत पुढे सरकत होती. लोकरीचा ढीग म्हाताऱ्याच्या खाटेएवढा झाला आणि मेंढ्या अंगाने निम्म्या झाल्या. भादरून सोडलेली मेंढी जाऊन भिंतीशी उभी राही, आणि दुसऱ्या भादरलेल्या मेंढीला बघून बिचके. गेल्या वेतातली मोठी कोकरं आपल्या आयांना ओळखेनात. ती एकीकडून दुसरीकडे हुंगत फिरली आणि शेवटी अंगणाच्या मध्यभागी उभी राहून ओरडू लागली. सासूबाई उघड्या अंगाने दारात उभ्या होत्या आणि पहिल्यांदाच त्यांना कुणाच्या पुढे जायचं नव्हतं.

बाई पुढच्या खोलीच्या दारात आल्या. त्यांनी अंगणाकडे पाहिलं. तोंडावर हात गेला तो तसाच राहिला. इतक्या बारीक असतात या आतून, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. वहिनीने वर न बघता सांगितलं की सगळेच असतात.

चौथ्या तपासणीला, अखेरची म्हणून, समिती सकाळी फाटकावर हजर झाली. संपूर्ण पावसाळाभर आणि त्यानंतरही डोंगर ढगात होता. बाई रोज त्या ढगात शिरायच्या आणि संध्याकाळी ओल्या होऊन, थोडं लंगडत बाहेर यायच्या. वहिनीला वाटायचं, चढ बाधतो. धुक्यात बाईंना स्वतःची चौकट दिसे, पुढची खुंटी दिसे, बाकी काही नाही. काम अडत नव्हतं. बाकीचं तसंही बघायचं नव्हतं.

त्या सकाळी वारा सुटला. बोचरा, उत्तरेचा. अध्यक्षांनी मफलर गुंडाळला. चादर अंथरली, ती उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि थोरल्याने सासूबाईंना चादरीवर उभं केलं. वहिनीने ब्रश उचलला, पण घासायला काही नव्हतं. उघड्या कातडीवर तिने तो एकदा नुसता फिरवला. चादरीवर काही पडलं नाही. तेवढ्यात फाटकवाला, जो एरवी अशा वेळी काहीतरी बोलल्याशिवाय राहायचा नाही, गप्प असल्याचं तिच्या लक्षात आलं. तो मेंढीकडे बघतच नव्हता. तो वर बघत होता.

वाऱ्याने ढग डोंगरावरून ओढून नेला होता. वरचं कुरण पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोकळं झालं होतं, आणि वरच्या गारठ्यात उशिरा आलेली पिवळी फुलली होती.

ती पसरलेली नव्हती. ती आखलेली होती. हिरव्या चढावर कुणीतरी पट्टी ठेवून रेघा मारल्यासारख्या पिवळ्या रेघा खालून वर गेल्या होत्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर, कुठेही न वळता, खडक आला तर खडकाच्या अलीकडे थांबून पलीकडे तिथूनच सुरू झालेल्या. आणि प्रत्येक रेघेवर, ठरल्या ठिकाणी, एकेक दाट पिवळा ठिपका. मध्ये सगळं गवत. स्वच्छ, उंच, मेंढीचं तोंड न लागलेलं.

समिती बघत राहिली. चादरीवरची म्होरकी थरथरत होती आणि तिला उतरवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मेंढ्या अशा चालत नाहीत, हे समितीतल्या कुणालाही सांगावं लागलं नाही. मेंढी चढते ती वळणं घेत, गवत दिसेल तिकडे तोंड करून. गाई अशा चालत नाहीत. पाणी असं वाहत नाही. डोंगरावर सरळ चालणारं गावात एकच माणूस होतं, आणि ते आता फाटकाशी बूट घासायला वाकलेलं होतं.

बाई उठल्या. त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त असं उतरलं की वहिनीने ब्रश टाकून त्यांचा दंड धरला.

"त्या माझ्या दोऱ्या आहेत," बाई म्हणाल्या.

मग त्या फाटकाजवळच्या दगडावर बसल्या आणि उजवा बूट काढला. त्यांचा आवाज वर्गात शिकवतात तसा होता, फक्त मधूनमधून तो येईनासा होई. प्रत्येक चौकटीपाशी मी बसते, त्या म्हणाल्या. बसले की बूट काढते. पाय टोचतात. मोजा चोळते, आतल्या गाठी काढून टाकते, परत बूट घालते. आधी ओढ्याकाठच्या चौकटी करते, मग वरच्या. बूट घासते, विजार झटकते. मोजे नाही घासले. त्यांनी मोजा काढून उलटा केला. आतल्या बाजूला, राखाडी लोकरीत रुतून बसलेल्या, लोकरीच्याच रंगाच्या गाठी होत्या. एक गाठ त्यांनी नखाने सोडवली आणि तळहातावर ठेवली. तिला आकडे होते.

थोरला त्या तळहाताकडे बघत होता. मेंढ्या धुतल्याचे, विंचरल्याचे, भादरल्याचे सगळे दिवस त्याच्या कमरेत होते. त्याने एक हात कमरेवर दाबून धरला.

वहिनीने विचारलं. "टोचत होते, तर सांगायचं नाही का?"

"तुम्ही हाताने विणलेले," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, घरची लोकर टोचतेच. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

वहिनीने त्यांचा दंड सोडला. मग परत धरला.

बाई समितीकडे वळून म्हणाल्या की चूक त्यांची आहे, पूर्णपणे त्यांची. रोपं त्यांना चौकटीत सापडली कारण त्या फक्त चौकटीत बघत होत्या, आणि चौकटीत होती कारण त्यांनीच ती तिथे टाकली होती. मेंढ्यांचा यात काही संबंध नाही. बंदी आत्ताच्या आत्ता उठवा. हे त्या कुठेही लिहून द्यायला तयार आहेत. एवढं बोलून त्या एका पायात बूट आणि एका पायात काही नाही अशा उभ्या राहिल्या. त्यांच्याइतकं सरळ उभं राहिलेलं त्या फाटकाशी आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

अध्यक्षांची पंचाईत झाली. बाहेरून आलेल्या विदुषीला दोषी धरायचं तर तिला घेऊन येणारे कोण, हा प्रश्न निघणार. ठराव चुकला म्हणायचं तर ठराव कुणाचा, हा निघणार. त्यांनी मफलर सैल केला, परत आवळला.

"मोजे कशाचे आहेत?" त्यांनी विचारलं.

"लोकरीचे," बाई म्हणाल्या.

"कुठल्या लोकरीचे?"

बाईंनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "आमच्याच. म्होरकीच्या."

सगळ्यांच्या नजरा चादरीवर गेल्या. म्होरकी अजून तिथेच उभी होती.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर इतक्या वेळात पहिल्यांदा रंग आला. म्हणजे ठराव बरोबर होता, ते म्हणाले. समितीने पहिल्या दिवसापासून लोकरीवर संशय घेतला, आणि बी लोकरीनेच वर नेलं. ते मेंढीच्या अंगावरून गेलं की बाईंच्या पायातून, हा तपशील झाला. आता त्या मेंढ्यांच्या अंगावर लोकर उरलेली नाही. तेव्हा ठरावाप्रमाणेच त्यांना वर जायला हरकत नाही. बाईंनी मोजे जाळावेत. सदस्यांनी माना डोलावल्या. बाई काहीतरी बोलायला गेल्या, पण वहिनीने त्यांचा दंड दाबला. फाटक उघडत असताना शास्त्र काढू नये, एवढं तिला कळत होतं.

फाटकवाल्याने कडी काढली. थोरल्याने म्होरकीला चादरीवरून उचलून फाटकाच्या आत ठेवलं. तिने नाक वर करून हुंगलं आणि चालू लागली, आणि तिच्यामागे सगळा कळप, भादरलेला, अंगावर लाल रेघा, पिवळीच्या रेघा ओलांडत वरच्या गवताकडे गेला. म्हातारा अंगणातून बघत होता. वहिनीने चादर झटकून घडी घातली. बाई दोरी गोळा करायला वर जायचं म्हणत होत्या, पण बुटात घालायला दुसरे मोजे नव्हते, म्हणून वहिनीने त्यांना चुलीपाशी बसवलं आणि चहा दिला. मोजे चुलीत घातले. लोकर लवकर जळत नाही. बराच वेळ घरात वास येत राहिला.

मेंढ्या दुपारीच खाली आल्या. वर वारा होता.